गळ्यावर दोन बोटं ठेवून ऐका : पीएचसीतल्या नव्या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राच्या वर्षासाठी तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रुजू झालात, त्याला चार महिने झाले. आश्रमशाळेच्या तपासणीत नऊ वर्षांच्या एका मुलीच्या छातीवर तुम्हाला काहीतरी 'सूं' ऐकू आलं. ते मर्मर (हृदयाच्या ठोक्यांशिवायचा जादा आवाज) होतं की भास, हे तुम्हाला सांगता येत नाही. याआधी अशी पाच लेकरं जिल्ह्याला पाठवली, त्यातली चार 'नॉर्मल' म्हणून परत आली. एका बापाने येऊन दोन दिवसांची मजुरी बुडाल्याचं ऐकवलं. पाचव्याचं मात्र ऑपरेशन ठरलं. आता हिला पाठवू की नको, आणि मुळात नॉर्मल आवाज कुठे संपतो नि बिघाड कुठे सुरू होतो, असं तुम्ही विचारता.

पाचात एक खरं निघालं म्हणजे तुमचा कान वाईट नाही, एवढं आधी सांगून टाकतो. पुस्तकातली मर्मरची नावं पाठ आहेत आणि छातीवर स्टेथोस्कोप टेकवला की त्यातलं एकही ओळखू येत नाही, म्हणून तुम्ही गोंधळलाय. ते साहजिक आहे. नाव देणं हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्याचं काम. तुमचं काम त्याहून लहान आहे, पण ते दुसरं कोणी करणार नाही: जादा आवाज कोणत्या वेळी येतो ते ठरवायचं, आणि त्यावरून जिल्ह्याला पाठवायची चिठ्ठी आज लिहायची, महिन्याने लिहायची की लिहायचीच नाही, ते ठरवायचं.

माझ्याबद्दल दोन शब्द. मी फिजिशियन. वर्धा नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं दवाखाना चालवतो. लहान मुलांच्या हृदयाचा तज्ज्ञ नाही. पण लेकरंही येतात, कारण ती दुसरीकडे कुठे जाणार!

तर सगळ्यात आधी कूलर बंद करा. गंमत करत नाही. आपल्याकडे मार्च ते जून कूलर आणि नंतर पार दसऱ्यापर्यंत डोक्यावर पंखा घरघरत असतो. ती घरघर खालच्या पट्टीची. आणि हृदयाचे जे आवाज निसटू नयेत, तिसरा, चौथा, मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) झडप अरुंद झाल्यावरची घुरघुर, तेही नेमके खालच्याच पट्टीचे. एक दुसऱ्यात विरघळून जातो आणि आपण 'एस वन एस टू नॉर्मल' (पहिला, दुसरा आवाज ठीक) लिहून मोकळे होतो. मी ओपीडीत शिपायाला सांगून ठेवलंय: मी हात वर केला की कूलर बंद, दार लोटायचं. दोन मिनिटं घाम येतो, येऊ द्या.

मग कपडे. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेकने १८१६ मध्ये पॅरिसला कागदाची सुरळी केली, ती एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावायचा संकोच वाटला म्हणून. दोनशे वर्षं होऊन गेली तरी आपण तोच संकोच करतो आणि पदरावरून, शाळेच्या गणवेशावरून ऐकतो. कापड घासलं की मर्मर तयार होतं, आणि कापडाआड खरं मर्मर बुजतं. सिस्टर किंवा आशाताईंना शेजारी उभं करा, विचारून घ्या, चेस्टपीस, म्हणजे स्टेथोस्कोपचं छातीवरचं टोक, कपड्याच्या आतून त्वचेवर टेकवा. माणसाच्या छातीवर दाट केस असतील तर पाण्याचा हात फिरवा, नाहीतर निमोनियासारखी करकर ऐकू येईल. कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने. आणि बेल, म्हणजे चेस्टपीसची वाटीसारखी बाजू, दाबू नका. बेल नुसती टेकवायची, इतकी हलकी की उचलल्यावर त्वचेवर वळ दिसू नये. दाबली की खालची त्वचा ताणली जाऊन तीच डायफ्रॅमचं, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या सपाट पडद्याचं, काम करते आणि खालच्या पट्टीचे आवाज गळून जातात. महागडा स्टेथोस्कोप नसला तरी चालतं. नळी कडक होऊन चिरलेली नको.

आता बोटं. डाव्या हाताची दोन बोटं रुग्णाच्या गळ्यावर, कॅरोटिड धमनीवर, हलकेच. उजव्या हातात स्टेथोस्कोप. गळ्यातला ठोका ज्या आवाजाबरोबर लागतो तो पहिला, 'लब'. वरच्या नि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा. त्यानंतरचा 'डब', हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या एओर्टिक आणि पल्मोनरी झडपा मिटल्याचा. मनगटाची नाडी यासाठी वापरू नका; ती जराशी उशिरा पोचते आणि फसवते. पुस्तकात लिहिलेलं असतं की लब आणि डबमधली जागा छोटी नि डबनंतरची मोठी. ते बहात्तरच्या नाडीला खरं आहे: ०.८ सेकंदाच्या चक्रात आकुंचनाला साधारण ०.३, उरलेला वेळ विसाव्याला. पण तापाने फणफणलेल्या लेकराची नाडी १३० असते तेव्हा दोन्ही जागा सारख्याच होतात आणि लब कोणता, डब कोणता, हे नुसत्या कानाने मलाही सांगता येत नाही. बोट सांगतं.

मी इंटर्न होतो तेव्हा आमच्या सरांनी पहिले आठ दिवस मर्मर हा शब्दच तोंडातून काढायचा नाही अशी ताकीद दिली होती. पहिले दोन दिवस फक्त पहिला आवाज ऐकायचा, पुढचे दोन फक्त दुसरा, मग दोघांमधली जागा, आणि शेवटी दुसऱ्यानंतरची जागा. आम्हाला ती शिक्षा वाटायची. आज नव्या मुलांना मी तेच करायला लावतो. सगळं एकदम ऐकायला गेलं तर कान जे सगळ्यात मोठं तेवढंच उचलतो. बाजारात एका माणसाचा आवाज ऐकायचा तर बाकीचे मनाने बंद करावे लागतात, तसंच हे.

तुमच्या पीएचसीत रोज पन्नास-साठ छात्या ऐकायला मिळतात. त्यातल्या वीस धडधाकट लोकांच्या नीट ऐका. सोबत आलेला भाऊ, गाडीचा ड्रायव्हर, तुमची सिस्टर. नॉर्मल कानात बसल्याशिवाय बिघाड खटकत नाही. स्तनाग्राखाली, पाचव्या फासळीच्या फटीत, लब जास्त ठळक. वर, दुसऱ्या फटीत, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, डब जास्त ठळक. हे उलटं ऐकू आलं तर थांबा आणि कारण शोधा.

नॉर्मलमध्येच दोन गोष्टी नव्या डॉक्टरला घाबरवतात. पहिली, दुसऱ्या आवाजाचं दुभंगणं. श्वास आत घेतला की उजव्या बाजूला रक्त जास्त येतं, पल्मोनरी झडप किंचित उशिरा मिटते आणि 'डब' चा 'ड्रब' होतो. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा. लेकरांत तो छान ऐकू येतो, डाव्या बाजूच्या दुसऱ्या फटीत. श्वास सोडला की पुन्हा एक. हे निरोगी. श्वास आत असो वा बाहेर, तो दुभंग तसाच राहिला, तर मात्र वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असण्याची शक्यता धरा. ही गोष्ट लक्षात ठेवाच, कारण त्या छिद्राचं मर्मर अगदी मऊ असतं, निरुपद्रवी मर्मरसारखंच, आणि लेकरू खेळतं-बागडतं. पुढे वीस-तीस वर्षांनी दम लागायला लागल्यावर ते सापडतं.

दुसरी, तिसरा आवाज. डब झाल्यावर लगेच, खोलात, 'धप्' असा. लेकरांत, तरुण मुलांत आणि गरोदर बायांत तो असू शकतो, चालतो. चाळिशी ओलांडलेल्या, पाय सुजलेल्या माणसात तोच आवाज म्हणजे हृदय थकलंय. आवाज तोच, वय बदललं की अर्थ बदलला. चौथा आवाज, लबच्या जरा आधीचा, जवळपास कधीच निर्दोष नसतो. वर्षानुवर्षं बीपी वाढलेल्या, कडक झालेल्या हृदयाचा तो.

विंचवाचं इथेच सांगतो. विंचू चावलेलं लेकरू थंडगार, घामाने भिजलेलं, नाडी दीडशे, आणि छातीवर घोड्याच्या टापांसारखे तीन ठोके ऐकू आले, तर तिथे आवाजाची फोड करत बसू नका. हृदयावर परिणाम सुरू झालाय. डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाडला ज्या प्राझोसिनने अशी लेकरं वाचवली, ती गोळी तुमच्या पीएचसीत आहे की नाही ते आजच कपाट उघडून बघा.

आता तुमची नऊ वर्षांची मुलगी. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी सूं करतं. नळी मोकळी असली तरी पंप जोरात चालवला की थोडं सूं करतंच. मर्मर या दोन्ही कारणांनी होतं. दुसऱ्या प्रकारात झडपा ठणठणीत असतात, रक्त जोरात धावतंय एवढंच. ताप, रक्त कमी असणं, धावत येऊन रांगेत उभं राहणं, भीती. आणि आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या सिकलसेलच्या लेकराच्या छातीवर आकुंचनातलं मऊ मर्मर न मिळालं तरच मला आश्चर्य वाटतं. आश्रमशाळेत तुम्ही पन्नास लेकरं ऐकाल तर त्यात अशी बरीच निघणार.

तिला पुन्हा बोलवा. ताप नसताना, सकाळी, थोडा वेळ बसवून. आधी निजवून ऐका. आवाज लब आणि डबच्या मधे आहे का, हे गळ्यावर बोट ठेवून पक्कं करा. मग तो मधली सगळी जागा व्यापतो की सुरू होऊन लवकर विरतो, ते ऐका. मग तिला उभी करा आणि अर्ध्या मिनिटाने त्याच जागी पुन्हा ऐका. निरुपद्रवी मर्मर उभं राहिल्यावर मंदावतं, बऱ्याचदा निघूनच जातं, कारण हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. सुरेल, तार छेडल्यासारखं, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला खाली ऐकू येणारं एक मर्मर आहे, त्याचं वर्णन लंडनचे बालरोगतज्ज्ञ स्टिल यांनी १९०९ मध्ये करून ठेवलंय. ते बहुतेक तीन ते सात वर्षांच्या लेकरांत सापडतं, थोड्या मोठ्यांतही असतं, आणि वयाबरोबर जातं.

गळपट्टीच्या हाडाखाली, विशेषतः उजवीकडे, बसलेल्या लेकरात सतत घुमणारा आवाज आला तर घाबरून जाऊ नका. गळ्यातली शीर बोटाने हलकी दाबा, नाहीतर लेकराला निजवा. थांबला? तो शिरेतल्या रक्ताचा. डावीकडे तसाच सतत आवाज, आणि निजवूनही थांबत नाही, तर मग जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहिली असेल; पाठवा.

उभं केल्यावर मर्मर वाढलं तर? त्याला मी फार मान देतो. हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताच्या वाटेत येण्याचा एक आजार आहे, त्यात उभं राहिल्यावर आवाज वाढतो. खेळताना चक्कर येऊन पडलेलं लेकरू, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं, असं काही असेल तर आवाज कितीही मऊ असो, थांबू नका.

आता हात ठेवा. तळहात छातीवर सपाट ठेवला आणि चालू मोटारपंपाच्या पाइपवर ठेवल्यासारखी थरथर लागली, तर मर्मर सहापैकी किमान चौथ्या पायरीचं. अमेरिकन डॉक्टर लेव्हाइन यांची १९३३ ची ही पायऱ्यांची पद्धत आजही चालते. थरथर असेल तर निरुपद्रवी म्हणायची सोय उरत नाही. पण उलटं समजू नका. मोठा आवाज म्हणजे मोठा आजार, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय आणि ते चूक आहे. खालच्या कप्प्यांमधलं छिद्र लहान असेल तर अंगठा घट्ट धरलेल्या नळीसारखं जोरात सूं करतं, आणि बऱ्याचदा आपोआप बुजतं. तेच छिद्र मोठं असेल तर आवाज बेताचा, पण लेकराचं वजन वाढत नाही, दूध पिताना कपाळावर घाम येतो, दर महिन्याला निमोनिया होतो. आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत फुप्फुसातला दाब जास्त असल्याने मोठ्या छिद्राचं मर्मर नसतंच मुळी. बाळंतपणानंतर तुम्ही 'हृदय नॉर्मल' लिहिलं, सहाव्या आठवड्यात मर्मर सापडलं, तर त्यात तुमची चूक नाही; लसीकरणाच्या दिवशी पुन्हा ऐकलं नसतं तर मात्र होती. लेकराची जांघेतली नाडी लागते का तेही बघत चला, आणि पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. ९५ च्या खाली असेल तर पुढचा विचार जिल्ह्याला करू द्या.

एवढं सगळं आकुंचनातल्या आवाजांबद्दल. डबनंतरच्या जागेत, हृदय विसावत असताना, मर्मर आलं तर? त्याला निरुपद्रवी म्हणायचं नाही. वय, ताप, रक्त कमी, काहीही कारण सांगायचं नाही. मी हे इतकं ठामपणे का म्हणतो त्याची गोष्ट सांगतो. माझ्याच चुकीची आहे.

चोवीस वर्षांची बाई. पहिल्यांदा मे महिन्यात आली, दुसरा महिना, खोकला. कूलर चालू होता. मी पदरावरूनच ऐकलं, खोकल्याचं औषध आणि फोलिक ॲसिड दिलं. ऑगस्टमध्ये पुन्हा. हिमोग्लोबिन नऊ. दम लागतो म्हणाली, मी म्हटलं रक्त कमी आहे, लागणारच. लोहाच्या गोळ्या दिल्या. ऑक्टोबरमध्ये सासू घेऊन आली. सातवा सरत आला होता.

"डॉक्टरसाब, मागल्या साली हेच पोरगी दिवसभर कापूस येचत होती. आता चार पावलं चालली का बसूनच जाते. रातच्याला दोन उशा लागतात तिले."

मी छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि तेवढ्यात लाइन गेली. पंखा थांबला. बाहेरचं झेरॉक्सचं मशीन थांबलं. आणि त्या शांततेत पहिला आवाज असा आला, 'टक्', दार आपटल्यासारखा. गळ्यावर बोट ठेवलं. ठोका त्याच आवाजाबरोबर. इतका मोठा लब रक्त कमी असल्यानेही येतो म्हणून मी स्वतःला समजावत होतो, पण मनात पाल चुकचुकली. तिला डाव्या कुशीवर वळवलं, ठोका जिथे लागत होता तिथेच बेल नुसती ठेवली, श्वास सोडून थांब म्हटलं. डबनंतर एक छोटा टिचकीसारखा आवाज, आणि त्यामागोमाग लांब कुठेतरी ढग गडगडावेत तशी घुरघुर, पुढच्या 'टक्' पाशी येऊन चढणारी. कानाला ऐकू येण्यापेक्षा बोटाला जाणवावी अशी.

"लहानपणी सांधे सुजले होते का गं?"

"हो जी. चवथ्या वर्गात होती तं आधी एक गुडघा सुजला, मंग तो बसला आन् दुसरा सुजला. झाडपत्ती बांधली मायनं. बरा झाला."

गुडघा बरा झाला, हृदयातला बिघाड मात्र थांबला नाही. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापाने मायट्रल झडप हळूहळू जखडत जाते. तोंड अरुंद होतं. नॉर्मल झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते; हिची इकोत १.१ निघाली. वरच्या कप्प्यातला दाब चढलेला राहतो, म्हणून आकुंचन सुरू होईपर्यंत झडपेच्या पाकळ्या पूर्ण उघड्याच असतात आणि मग लांबून येऊन आपटतात. म्हणून तो 'टक्'. पुढे झडप चुन्यासारखी कडक झाली की तो 'टक्'ही मंदावतो, म्हणजे लब मोठा नाही म्हणून आजार नाही असंही म्हणता येत नाही. आणि गरोदरपणात रक्ताचं आकारमान वाढतं, नाडी वाढते, विसाव्याचा वेळ कमी होतो, अरुंद तोंडातून तेवढ्या वेळात रक्त उतरत नाही, ते फुप्फुसात तुंबतं. जी बाई कापूस वेचताना कशीबशी निभावते ती सातव्या-आठव्या महिन्यात किंवा बाळंत झाल्याबरोबर गुदमरते.

तिला त्याच दिवशी मेडिकल कॉलेजला पाठवलं. लघवीची गोळी, नाडी हळू करायची गोळी, तिथेच बाळंतपण, तीन महिन्यांनी फुग्याने झडप रुंद केली. आता दर २१ दिवसांनी पेनिसिलिनच्या इंजेक्शनला येते, लेकराला कडेवर घेऊन. मे आणि ऑगस्टमध्ये मी कूलर-पंखा बंद केला असता तर? रक्त कमी असणं हे खरंच होतं, आणि तेच मला आडवं आलं. एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं राहून जातं.

म्हणून एएनसीच्या (गरोदर बायांच्या तपासणीच्या) दिवशी प्रत्येक गरोदर बाईला निदान एकदा डाव्या कुशीवर वळवून बेलने ऐका. घुरघुर ऐकू येत नसेल पण शंका असेल तर व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावा आणि लगेच कुशीवर घ्या. नाडी वाढली की घुरघुर वर येते. आकुंचनातलं मऊ मर्मर गरोदर बायांत भरपूर सापडेल, ते बहुतेक वाढलेल्या रक्ताचं.

विसाव्यातलं दुसरं मर्मर एओर्टिक झडप गळण्याचं. ते उंच पट्टीचं, फुंकर मारल्यासारखं, डबला चिकटून सुरू होणारं. त्यासाठी डायफ्रॅम घट्ट दाबा, माणसाला बसवून पुढे वाकवा, श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगा, डाव्या कडेला तिसऱ्या फटीत ऐका. तुम्हीही श्वास रोखा. निजलेल्या माणसात हे हमखास चुकतं.

म्हाताऱ्यांचं थोडक्यात. सत्तरीचा माणूस बांधावर चक्कर येऊन पडला आणि उजवीकडे वर, दुसऱ्या फटीत खरखरीत मर्मर आहे, ते गळ्यात चढतंय, डब जवळजवळ गेलाय, गळ्यातला ठोका रेंगाळत वर येतोय, तर एओर्टिक झडप अरुंद. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवायची घाई करू नका, बीपी कोसळेल. मर्मर काखेकडे जातंय आणि लबपासून डबपर्यंत एकसारखं भरलंय, तर मायट्रल झडप गळतेय. आवाजच दूरचे, दबलेले वाटतात आणि गळ्यातल्या शिरा फुगल्यात, तर हृदयाभोवती पाणी. आपल्याकडे अशा वेळी टीबी आधी आठवावा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसाची छाती पिंपासारखी फुगलेली असते. तिथे नेहमीच्या जागी काहीच ऐकू येत नाही, छातीच्या हाडाखाली, पोटाच्या खळीत ऐका. नाडी पूर्ण अनियमित असेल तर लबचा जोर प्रत्येक ठोक्याला बदलतो, तेव्हा मोठा की लहान या चर्चेला अर्थ नाही, ईसीजी काढा. तुमच्यापासून इको किती लांब आहे, पावसाळ्यात नाला उतरतो की नाही, यावरही ठरतं. मी तालुक्याला बसतो, इको बारा किलोमीटरवर आहे. शंका आली की मी लगेच पाठवतो. तुमच्या जागी असतो तर अशा लेकराला आधी दोनदा स्वतः ऐकलं असतं.

म्हणजे त्या मुलीसाठी: आवाज फक्त लब-डबच्या मधे, लवकर विरणारा, मऊ, हाताला थरथर नाही, उभं केल्यावर मंदावतो, दुसरा आवाज श्वासाबरोबर दुभंगतो आणि पुन्हा जुळतो, लेकरू खेळतं, वजन ठीक, जांघेतली नाडी लागते, ऑक्सिजन ठीक, सांधे कधी सुजले नाहीत. हे सगळं जमलं तर आज चिठ्ठी नको. हिमोग्लोबिन बघा, सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करा, रक्त सुधारल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा ऐका. यातलं एखादं जरी जमलं नाही, किंवा ठरवता येईना, तर पाठवा. वर्षाच्या आतलं लेकरू आणि मर्मर असेल तर हा सगळा हिशोब करूच नका, सरळ पाठवा. आणि आधी जी चार परत आली ती वाया गेली असं मनात धरू नका. पाचातली एक सापडायला तेवढी लागतात.

पाठवताना चिठ्ठीवर 'मर्मर आहे' एवढंच लिहू नका. त्या दोन शब्दांवर जिल्ह्याचा डॉक्टर काही करू शकत नाही, तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो. कोणत्या जागी, लब-डबच्या मधे की नंतर, उभं केल्यावर काय झालं, दुभंग हलतो की नाही, हिमोग्लोबिन किती. चार ओळी. मजुरीचं म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांच्या यादीत नाव घाला. शाळेतून जिल्ह्याच्या केंद्रात न्यायची सोय त्यांच्यामार्फत होते, आणि पुढे ऑपरेशन निघालंच तर महात्मा जोतिराव फुले योजनेचे कागद तिथूनच मार्गी लागतात. बापाला एकच सांगा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेव. आणि तारीख ठरवताना त्याला विचारून घ्या, आठवडी बाजार कोणत्या दिवशी असतो ते. त्या दिवशी गाड्या असतात, आणि त्या दिवशी तसंही तो मजुरीला जात नाही.